काळी एक, पांढरी एक : पेटीवरचे पहिले धडे

काटोलच्या आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी पेटी मी वाजवीत असे. मी विज्ञानाचा शिक्षक, संगीताचा नव्हे. पण चार सुरावटी जमत होत्या म्हणून ते काम माझ्याकडे आले. आठवीतली एक मुलगी पहिल्या रांगेत उभी राही. प्रार्थनेची ओळ खाली उतरली की तिचा आवाज एकदम फाटे, नाहीतर वर उडी मारी. एके दिवशी मी तिला सांगितले, ‘‘तू नुसते ओठ हलव.’’

ती तसे करू लागली. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत ती पेटीपाशी येऊन म्हणाली, ‘‘सर, तुम्ही सुरुवात करता ना, तिथून खाली माझा आवाजच पोचत नाही. ही वरची पट्टी दाबून बघा बरं.’’ मी दाबली. तिने तीच ओळ म्हटली, आणि ती अगदी सुरात होती! चूक तिच्या गळ्याची नव्हती, माझ्या पट्टीची होती. मी प्रार्थना माझ्या आवाजाला सोयीची म्हणून ‘काळी एक’मध्ये वाजवीत होतो. तिच्या आवाजाला ‘काळी चार’ हवी होती.

विद्यार्थी मित्रांनो, हे काळी एक, काळी चार म्हणजे काय? आणि गाणे एका पट्टीवरून उचलून दुसऱ्या पट्टीवर ठेवता येते ते कशामुळे? पेटीवर साधी सुरावट वाजवायला शिकता शिकता या प्रश्नांचीही उत्तरे शोधू या. पियानो फार थोड्यांच्या घरी असतो. पण पेटी शाळेत, देवळात, भजनी मंडळात कुठे ना कुठे असतेच. दोन्हींच्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे. त्यामुळे पेटीवर शिकलेली बोटे पियानोवरही वाट चुकत नाहीत.

पेटीच्या पोटात

पेटी मूळची युरोपातली. पॅरिसच्या आलेक्सांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचे एकस्व घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवीत. हाताने भाता मारायची, बैठकीवर बसून वाजवायची सुटसुटीत पेटी पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी प्रचारात आणली. मराठी संगीत नाटकांनी ऑर्गनला आणि पेटीला घरोघरी मान मिळवून दिला. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे नामांकित पेटीवादक. पेटी ते मुख्यतः ऐकून ऐकून स्वतःच शिकले होते.

पेटीत प्रत्येक स्वरासाठी एक पितळी पत्ती असते. तिचे एक टोक पक्के बसवलेले आणि दुसरे मोकळे असते. पट्टी दाबली की झाकण उघडते, भात्यातली हवा पत्तीखालच्या फटीतून धावते, पत्ती फटीत ओढली जाते, फट बुजते, हवा अडते. लगेच पत्ती आपल्या लवचीकपणामुळे मागे उसळते. हेच सेकंदाला शेकडो वेळा घडते आणि आपल्याला स्वर ऐकू येतो. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी दाबून तिचे टोक छेडा. बाहेर आलेला भाग जितका आखूड, तितकी कंपने जलद होतील. पत्तीचेही तसेच आहे. पेटी जुळवणारा कारागीर पत्तीचे टोक किंचित खरवडतो तेव्हा टोक हलके होऊन स्वर चढतो. मुळाशी खरवडले तर पत्ती लवचीक होऊन स्वर उतरतो.

पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि नाद हळूहळू विरतो. पेटीत मात्र भाता चालू आहे तोवर स्वर टिकतो. नवशिक्याला ही मोठी सोय आहे. स्वर कानात मुरेपर्यंत तो थांबतो.

पहिला धडा : पाच बोटे

पेटीकडे नीट पाहा. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत आहेत. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी म्हणजे ‘पांढरी एक’. तिथून सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून बारा घरे झाली की पुढचे सप्तक सुरू होते. काळ्यांनाही डावीकडून एक ते पाच असे क्रमांक आहेत.

डावा हात भात्यावर ठेवा. प्रत्येक स्वराला भाता मारू नका. सावकाश, सलग, हवा संपायच्या आत पुन्हा हलवा. उजव्या हाताचा अंगठा पांढरी एकवर ठेवा आणि पाच बोटांनी पाच पांढऱ्या वाजवा : सा रे ग म प, मग उलट प म ग रे सा. पूर्ण सप्तकासाठी सा रे ग झाले की अंगठा तळव्याखालून सरकवून ‘म’वर आणा. हे जमले की सारेग, रेगम, गमप अशी साखळी वाजवा. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे बसणे अधिक उपयोगी. वेग वाढवायची घाई नको; बोट चुकले तर वेग निम्मा करा.

दुसरा धडा : काळ्यांची गंमत

आता पांढऱ्यांना हातच लावू नका. काळी तीनला सा मानून उजवीकडे पाच काळ्या क्रमाने वाजवा. सा रे ग प ध असे पाच स्वर मिळतील. हे भूप रागाचे स्वर! पुढेमागे कसेही फिरा, भूपाबाहेरचा स्वर लागणार नाही. भीती घालवायला याहून चांगला खेळ नाही.

याच पाच पट्ट्या ठेवा, फक्त सा बदला. काळी एकला सा माना. सा रे म प ध, म्हणजे दुर्गा. काळी दोनपासून धानीचे स्वर येतात, काळी चारपासून मध्यमाद सारंगाचे आणि काळी पाचपासून मालकंसाचे. घरे तीच, पण सा हलला की रंग पालटतो. आपल्या प्राचीन ग्रंथांत या सा हलवण्याला ‘मूर्च्छना’ म्हटले आहे.

तिसरा धडा : ऐकलेली चाल शोधणे

तुम्हाला पाठ असलेली एखादी साधी चाल घ्या. पहिला स्वर गुणगुणा आणि तो पेटीवर सापडेपर्यंत पट्ट्या दाबत जा. मग एकच प्रश्न विचारा : पुढचा स्वर वर गेला की खाली? शेजारी गेला की उडी मारली? सापडलेला स्वर वहीत लिहा. पहिली ओळ लिहायला कदाचित आठवडा लागेल; दुसरीला कमी वेळ लागेल. पुस्तकातून उतरवलेल्या दहा चालींपेक्षा अशी एक शोधलेली चाल कानाला जास्त शिकवते.

सा हलवायचा कसा?

आता पुन्हा त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. शुद्ध स्वरांच्या सप्तकात सा ते रे दोन घरे, रे ते ग दोन, ग ते म एक, पुढे दोन, दोन, दोन आणि शेवटी नी ते वरचा सा एक घर. हा क्रम (२, २, १, २, २, २, १) पाठ केला की कोणत्याही पट्टीवरून सप्तक वाजवता येते. काळी चार सा धरला तर रे काळी पाच, ग पुढची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच.

पण यासाठी बाराही पायऱ्या अगदी सारख्या असाव्या लागतात. त्या तशा नसत्या तर काय झाले असते? सा सेकंदाला २४० कंपनांचा धरू. तंबोऱ्याशी जुळणारा रे त्याच्या ९/८ पट, म्हणजे २७०. ग ५/४ पट, म्हणजे ३००. आता २७० लाच नवा सा करा. त्याचा रे हवा २७० × ९/८ = ३०३.७५. पण पेटीत तिथे ३०० ची पत्ती आहे. चाल लगेच बेसूर होईल!

यावर तोड अशी काढली की सप्तकाच्या बारा पायऱ्या समान गुणोत्तराच्या करायच्या. बारा वेळा गुणून दुप्पट व्हावी अशी संख्या सुमारे १.०५९५ आहे. एकेका पायरीला कंपनसंख्या तितक्या पट वाढते. आता सा कुठेही न्या, चाल तीच राहते. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. सा २४० असता दोन्ही पद्धतींची तुलना करून पाहा :

स्वर : तंबोऱ्याशी जुळणारा : समान पायऱ्यांचा
ग : ३०० : ३०२.४
म : ३२० : ३२०.४
प : ३६० : ३५९.६
नी : ४५० : ४५३.१

प आणि म जवळजवळ बरोबर आहेत, पण ग आणि नी चढे आहेत. ३०० आणि ३०२.४ कंपनांचे दोन स्वर एकत्र वाजवले तर सेकंदाला सुमारे अडीच हेलकावे ऐकू येतात.

याच कारणासाठी पेटीवर मोठा रोष होता. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पेटीत निघत नाही. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडत नसे. १९४० च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. ती १९७१ पासून हळूहळू सैल झाली. दुसरीकडे, पेटीच सुधारावी असेही प्रयत्न झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या न्यायाधीशांच्या साहाय्याने श्रुतींची पेटी तयार करवून घेतली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे.

म्हणून नवशिक्याने एक पथ्य पाळावे. पेटीवर स्वर शोधावा, पण तंबोरा ऐकण्याची सवयही ठेवावी. पेटी वाट दाखवते. निवाडा कानाने करावा.

आमच्या शाळेतला प्रयोग

मग आम्ही वर्गातल्या प्रत्येकाला सहज गाता येणारा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर पेटीवर शोधला आणि आलेखाच्या कागदावर एकेक उभी रेघ काढली. मुलींच्या आणि लहान मुलांच्या रेघा वर, आवाज फुटलेल्या दहावीच्या मुलांच्या रेघा खाली आल्या. प्रार्थनेच्या चालीची उंची आम्ही पुठ्ठ्याच्या पट्टीवर कापून आलेखावर वरखाली सरकवली. सर्वांत जास्त रेघांत ती बसली तिथे सा ठरवला. ती काळी चारही नव्हती आणि माझी काळी एकही नव्हती. ज्यांच्या रेघा तरीही बाहेर राहिल्या, त्यांनी एक सप्तक खाली गायचे ठरले.

तुमच्या वर्गातही हा प्रयोग करून पाहा. एक पेटी, एक आलेखाचा कागद आणि दोन तास पुरे होतात. ‘हिला गाता येत नाही’ असे कुणाविषयी म्हणण्यापूर्वी तिची रेघ कुठे आहे ते पाहून घ्या.

आमच्याकडे आता प्रार्थनेला पेटी ती मुलगीच वाजवते. मी मागच्या रांगेत उभा राहून एक सप्तक खाली गातो.