नकाशा एक, दप्तरे अनेक

विशेष प्रतिनिधी

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मात्र त्या दिवशी एका नकाशात आलेले प्रदेश तत्पूर्वी निरनिराळ्या राजवटींखाली नांदत होते, याची आठवण आता पुसट होत चालली आहे. एरवी हा इतिहास पाठ्यपुस्तकापुरता उरला आहे, असे वाटते. पण वडिलोपार्जित जमिनीचा वाद निघाला किंवा जातीच्या दाखल्यासाठी जुनी नोंद शोधण्याची वेळ आली, की निजामाची राजवट, मध्य प्रांत आणि मुंबई इलाखा पुन्हा समोर उभे राहतात.

तीन राजवटींचा वारसा

१८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि देश, कोकण व खानदेशाचा मोठा भाग इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात गेला. तरीही हा प्रदेश सलग नव्हता. अधूनमधून लहानमोठी संस्थाने होती. कोकण किनाऱ्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीचे राज्य स्वातंत्र्यापर्यंत टिकले. औंधच्या राजांनी १९३९ मध्ये राज्यघटना देऊन कारभार प्रजेच्या हाती सोपवला. कोल्हापूर संस्थान तर स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाने, १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाचे स्वतःचे चलन होते, रेल्वे होती आणि टपालखातेही होते. राज्यकारभार उर्दूत चालत असे. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तरी मराठवाड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली.

विदर्भाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले आणि १८६१ मध्ये नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी झाली. वऱ्हाड मात्र निजामाचे होते. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी त्याने ते १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात दिले. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात तेच वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले. अकोला आणि अमरावतीचा कारभार इंग्रज पाहत असले, तरी नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. म्हणूनच पुढे निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला.

भुजपासून चांद्यापर्यंत

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले होते. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य स्थापन झाले. त्यानंतरची साडेतीन वर्षे कच्छमधील भुज आणि विदर्भातील चांदा ही गावे एकाच राज्यात होती. नागपूरने राजधानीचा मान गमावला. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन तेथे भरवण्याची प्रथा याच कारणाने पडली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले, तेव्हा मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य साकारले. त्या वेळी जिल्हे २६ होते. २०१४ मध्ये पालघरची निर्मिती झाल्यावर ही संख्या ३६ झाली.

जमिनीच्या कागदांतील फरक

राज्य एक झाले, तरी कायदे एका दिवसात एक झाले नाहीत. मुंबई इलाख्यासाठी १८७९ चा, मराठवाड्यासाठी फसली १३१७ चा आणि विदर्भासाठी मध्य प्रदेशाचा १९५४ चा, असे तीन महसूल कायदे राज्याच्या वाट्याला आले. यांपैकी फसली १३१७ म्हणजे इसवी सन १९०७. निजामाच्या दप्तरातील वर्ष वाचताना त्यात ५९० मिळवावे लागतात, हे ठाऊक नसल्यास जुना कागद हाती असूनही उलगडत नाही. या तिन्ही कायद्यांच्या जागी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली.

कूळकायदे मात्र आजही तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्र व कोकणासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी हैदराबादचे नाव अजून मिरवणारा १९५० चा आणि विदर्भासाठी १९५८ चा. पुणे किंवा सातारा जिल्ह्यातील कुळाच्या दाव्यात ‘कृषक दिन’ म्हणून ओळखली जाणारी १ एप्रिल १९५७ ही तारीख निर्णायक ठरते. बीडमधील दाव्यात तिचा दाखला देऊन उपयोग होत नाही. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या वारसांची फसगत बहुधा येथेच होते.

जुन्या व्यवस्थांची नावेही बोलीत टिकून आहेत. पूर्व विदर्भात गावाचा सारा मालगुजार गोळा करीत असे. १९५१ मध्ये ही पद्धत संपली आणि त्यांच्या ताब्यातील तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया परिसरातील प्रसिद्ध ‘मामा तलाव’ हे नाव कोणा मामावरून आलेले नाही. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप आहे.

राज्याहून जुना पुरावा

जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, तर अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० ही तारीख लागू होते. याचा अर्थ असा, की राज्याच्या जन्माच्या दहा वर्षे आधीचा रहिवास सिद्ध करायचा आणि तोही त्या काळच्या दुसऱ्याच राज्याच्या कागदांवरून.

मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा प्रश्नही याच मुळाशी जातो. विदर्भात अशा नोंदी विपुल आहेत, मराठवाड्यात तुलनेने कमी. त्या शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींचा आधार मान्य केला. त्यावर इतर मागासवर्गीयांच्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले. वादाचा निकाल काहीही लागो, संस्थान विलीन होऊन पाऊणशे वर्षे उलटली तरी त्याच्या दप्तरावर आजच्या विद्यार्थ्याचा प्रवेश आणि तरुणाची नोकरी अवलंबून राहू शकते, एवढे यातून स्पष्ट झाले.

त्यामुळे कागद शोधायला निघण्यापूर्वी आपले गाव १९४८ मध्ये कोणत्या राजवटीत होते, हे आधी तपासणे श्रेयस्कर. दप्तर कोणते, लिपी मोडी की उर्दू आणि कायदा कोणता, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावरच ठरतात. मोडी आणि जुनी उर्दू वाचणारे जाणकार मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत. ती कागदपत्रे आज वाचून, लिप्यंतर करून ठेवली नाहीत, तर अनेक कुटुंबांचे हक्क कागदावर असूनही सिद्ध करता येणार नाहीत.