सात अक्षरांचें यवतमाळ

वऱ्हाडांतील वणी जिल्ह्यास १९०५ सालीं यवतमाळ हें नांव मिळालें. इंग्रजी दप्तरांत तें पुष्कळ वर्षें वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल अशा सात अक्षरांनीं लिहीत. हीं अक्षरें मांडून त्यांतून इंग्रजी शब्द शोधण्याचा खेळ आमच्या घरीं सुटींत चालतो. एक अक्षर एका शब्दांत एकदांच घ्यावयाचें, एवढाच नियम.

प्रथम मुलांची गाडी 'लेट' व 'मॅट' यांपाशींच अडली. मग स्वर मध्यें ठेवून भोंवतीं व्यंजनें फिरविलीं, तों 'टीम', 'टेम', 'मेट' हे तीन शब्द त्याच चार अक्षरांतून निघाले. चौथा 'मीट' निघतांच आजींनीं कानांवर हात ठेवले! 'लोम' म्हणजे पोयटा. शेवटीं वाय जोडतांच त्याचें 'लोमी' झालें. स्पेलिंग घोकतांना रडकुंडीस येणाऱ्या धाकट्या पुतण्यानें 'मेटल' एकट्यानें शोधलें, आणि त्याची इंग्रजीची भीति ओसरूं लागली.

आजच्या स्पेलिंगांत अक्षरें आठ आहेत; परंतु ए हा एकच स्वर तीनदां येतो, म्हणून 'माल्ट', 'व्हॅट' असे थोडेच शब्द हातीं लागतात. अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स यांनीं वर्तमानपत्रांतील अक्षरें मोजून जो खेळ रचिला, त्या स्क्रॅबलमध्यें ई १२, तर व्ही अवघे २ आहेत. ई गेला व व्ही आला, यांतच आपला तोटा झाला!

वडील मंडळींनीं उत्तर सांगण्याची घाई मात्र करूं नये. घोकलेलें स्पेलिंग परीक्षेबरोबर जातें. शोधलेला शब्द घरांत राहतो.