प्लाझ्मा ६ च्या घरी पंधरा दिवस

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

संगणकाविषयी लेख लिहिते आहे असे सांगितल्यावर वर्गातील मंडळी हसली. ‘ते विज्ञान शाखेकडे सोपव, तू आपल्या ओव्यांकडे बघ,’ असा सल्लाही मिळाला. गंमत अशी की, ओव्यांमुळेच मला या भानगडीत पडावे लागले. आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या एकशे चाळीस ओव्यांपैकी निम्म्याच लॅपटॉपवर चढल्या होत्या आणि प्रकल्प सादर करावयास तीन आठवडे उरले होते.

माझा लॅपटॉप जुना. विंडोज ११ ला तो पुरा पडत नाही, आणि नवा घेऊन द्या असे घरी म्हणण्याची सोय नव्हती. म्हणून मामेभावाने, म्हणजे दादाने, त्यावर लिनक्सच्या कुळातील डेबियन १२ घालून दिले होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ निघाले. दादा नोकरीसाठी बंगळूरला जाणार होता. जाण्यापूर्वी नवे घालून देतो म्हणाला आणि मी होकार दिला.

येथे थोडा खुलासा करावयास हवा. लिनक्स हे घराचे जोते आणि भिंती. आपल्या डोळ्यांना दिसते ती आतली मांडणी : दारे, फडताळे, दिव्याची बटणे. या मांडणीला ‘डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. घर एकच, पण मांडणी आपल्या आवडीची निवडता येते. अशा मांडण्यांपैकी ‘केडीई’ ही जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठाच्या मथियास एट्रिश या विद्यार्थ्याने सुरू केली. लिनक्सवरील प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा वेगळी, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, अशी त्याची तक्रार होती. १४ ऑक्टोबर १९९६ रोजी त्याने इतरांना मदतीची जाहीर हाक घातली. (विद्यार्थ्याच्या तक्रारीतून काही उभे राहते, हे आमच्या वसतिगृहातील भोजन समितीने लक्षात घ्यावे!) त्याच केडीईच्या मांडणीचे आजचे नाव प्लाझ्मा. तिची सहावी आवृत्ती २८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाली आणि डेबियन १३ मध्ये ६.३ ही उपआवृत्ती आहे.

आधी चाचणी म्हणून दादाने सगळे पेनड्राइव्हवर उतरवले आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू केला. या युक्तीत आतल्या डिस्कला हात लागत नाही; पसंत पडले नाही तर पेनड्राइव्ह काढा, जुने घर जसेच्या तसे. पहिली नजर गेली ती खालच्या पट्टीकडे. ती आता कडेला चिकटलेली नसते, किंचित वर तरंगते, आणि खिडकी पूर्ण मोठी केली की मुकाट्याने कडेला जाऊन बसते. दुसरा बदल बोटांना कळला. पूर्वी फाइल एका टिचकीत उघडे, आता दोन लागतात. विंडोजवाल्यांना हे सवयीचे. मी मात्र दिवसभर एकच टिचकी मारून वाट पाहत बसे. (सेटिंगमध्ये पूर्ववत करता येते. मी केले.) एकूण प्रकार मला देखणा वाटला. पसंती दिली, दादाने डिस्कवर बसवून दिले आणि रात्रीच्या गाडीने तो गेला.

दुसऱ्या दिवशी ओवी टंकावयास बसले तर मराठी उमटेना! मी इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवीत असे. ‘के’ आणि ‘ए’ दाबले की ‘क’. आता नुसते ‘के’ आणि ‘ए’च दिसू लागले. पेनड्राइव्हवर मी पट्टी पाहिली, रंग पाहिले, पण मराठीची एक ओळ टंकून पाहिली नाही. चूक सर्वस्वी माझीच.

कारण शोधताना जे कळले, ते या लेखाचे खरे निमित्त. पडद्यावर खिडक्या दाखविण्याचे आणि दाबलेली कळ योग्य प्रोग्रॅमला पोहोचविण्याचे काम पूर्वी ‘एक्स-११’ ही व्यवस्था करी. ती १९८७ सालची. तिचे वळण जुन्या वाड्यासारखे आहे. सगळ्या खोल्या एकाच चौकात उघडतात, एकाने बोललेले सर्वांना ऐकू जाते. एका खिडकीत तुम्ही बँकेचा परवलीचा शब्द टंकलात तर दुसऱ्या खिडकीतला प्रोग्रॅम तो टिपून घेऊ शकतो. २००८ साली सुरू झालेल्या ‘वेलँड’मध्ये चौक नाही, ज्याचे पत्र त्याच्याच दारात पडते. प्लाझ्मा ६ ने हीच व्यवस्था मूळ म्हणून स्वीकारली. आता ‘के’ चा ‘क’ करणारा मदतनीस तरी काय करतो? कळा मध्येच अडवतो आणि बदलून पुढे देतो! वाड्यात ते चालून जाई. येथे त्याला घरमालकाची परवानगी लागते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ नावाची जागा आहे, तेथे या मदतनिसाचे नाव आपण होऊन निवडावे लागते. पडद्यावर कळफलक काढणारी ती सोय असेल, आपल्याला काय करावयाची, अशा समजुतीने मी त्या जागेवरून चार वेळा पुढे गेले होते.

ही जागा सापडण्यास सहा दिवस लागले. प्रवेशाच्या पडद्यावर जुने एक्स-११ निवडून वेळ मारून नेता आली असती. पण प्लाझ्मा ६.८ पासून ती वाट राहणार नाही असे केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले आहे, तेव्हा जी सवय मोडावयाची तिलाच पुन्हा चिकटण्यात मला अर्थ दिसेना. त्या सहा दिवसांत मी इनस्क्रिप्ट शिकू लागले. भारत सरकारने प्रमाण ठरविलेला हा कळफलक मांडणीत जात्याच असतो, त्याला मदतनीस लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. पहिल्या दिवशी तासाभरात दोन ओव्या झाल्या, सहाव्या दिवशी अकरा. ‘ळ’ साठी शिफ्ट धरून ‘एन’ दाबावा लागतो. आजीच्या ओव्यांत ‘ळ’ किती आहेत हे मला तेव्हा प्रथम कळले : बाळ, सकाळ, माळ, कपाळ, मुऱ्हाळी.

मदतनीस आता चालू आहे, पण मी त्याला क्वचितच हाक मारते. ओव्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी सरांच्या हाती दिल्या. पेनड्राइव्ह सध्या इतिहासाच्या वर्गातील एका मैत्रिणीकडे आहे. तिला दिला तेव्हा वर एक चिठ्ठी चिकटवली होती : ‘आधी मराठीची एक ओळ टंकून पाहा.’