महिनोन् महिने ड्रेसिंग, तरी पायाची जखम का भरत नाही?

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला छोटीशी जखम. मलम झालं, अँटिबायोटिक झालं, दिवसाआड ड्रेसिंगही सुरू आहे. तरी चार महिन्यांनी जखम तशीच! सलूनवाल्यांपासून शिक्षकांपर्यंत, दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना हा त्रास होऊ शकतो. अशा वेळी कारण बऱ्याचदा जखमेत नाही, शिरांमध्ये असतं.

पायातलं रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं. सूज येते, कातडी काळवंडते आणि साध्या ओरखड्याचीही जखम होऊन बसते. हाच व्हेरिकोज अल्सर. इथे खरा उपचार म्हणजे दाब. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत बांधलेलं कॉम्प्रेशन बँडेज घोट्यापाशी साधारण 40 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतं, वर जाताना तो कमी होत जातो. त्यामुळे रक्त वर सरकतं, सूज उतरते आणि जखम भरायला लागते.

मग मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून आवळायचं का? अजिबात नाही. धमन्याच अरुंद असतील (मधुमेही आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे जास्त) तर याच दाबाने पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून डॉक्टर आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना करतात. घोट्याचा आकडा दंडाच्या 0.8 पटीपेक्षा कमी आला, तर पूर्ण दाबाची पट्टी सहसा बांधत नाहीत.

पट्टीनंतर बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, तर ती लगेच सोडायची. डॉक्टरांना फोन त्यानंतर.