लेकराच्या उशाशी बसलेले आई-वडील

जळगाव-धुळ्याहून परळच्या टाटा रुग्णालयात फेऱ्या मारून झाल्यावर एके दिवशी डॉक्टर सांगतात, ‘आता घरीच न्या, त्रास होणार नाही एवढे पाहू.’ रुग्ण असतो चाळिशीतला कर्ता मुलगा. औषधे, कागदपत्रे, निर्णय हे सारे सून आणि भाऊ पाहतात. ते योग्यही आहे. पण सत्तरी ओलांडलेले आई-वडील ओसरीवर नुसते बसून राहतात. ‘त्यांना सोसवणार नाही’ म्हणून त्यांच्यापासून खरे लपवले जाते. तुमच्या घरी असे होत असेल, तर डॉक्टरांशी बोलताना एकदा त्या दोघांनाही सोबत बसवा. समजेल अशा भाषेत, लागल्यास अहिराणीत, सांगा. बहुधा त्यांना सारे आधीच उमगलेले असते. लपवल्याने केवळ निरोपाचे बोलणे राहून जाते.

आईचा जीव ताटात अडकतो. कळण्याची भाकरी, भरीत, मऊ खिचडी, ती एकेक करून पाहते. मुलगा तोंड फिरवतो आणि तिला वाटते, आपणच कमी पडलो. शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते, हे तिला कुणीतरी मायेने सांगायला हवे. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. मात्र घास थांबवला म्हणून तिचे हात रिकामे ठेवू नका. ओल्या कापसाने ओठ भिजवणे, तळपायांना हलकेच तेल लावणे ही कामे तिचीच असू द्या. वडिलांना मुलाची दाढी करू द्या.

वडिलांची भीती वेगळी असते: मॉर्फिनने व्यसन लागेल. असाध्य दुखण्यात डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत ते वेदना शमवते. बद्धकोष्ठ होते, म्हणून त्याचे औषध सोबत घ्यावे लागते. 2014 साली कायद्यात दुरुस्ती होऊन ते मिळवण्याची वाट सोपी झाली, तरी प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आधीच चौकशी करून ठेवावी.

या धावपळीत त्या दोघांच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या हमखास चुकतात. शेजाऱ्यांनो, भेटीला जाल तेव्हा उपाय सुचवू नका (ते खूप जणांनी सुचवलेले असतात). गोळ्या घेतल्या का, एवढे विचारा.

पुढे दशक्रियेला येणारे सुनेचे आणि नातवंडांचे सांत्वन करतात, ते हवेच. पाहुणे पांगल्यावर महिन्याभराने म्हाताऱ्यांकडेही एक चक्कर मारा आणि बोलताना मुलाचे नाव टाळू नका.