गाणे तेच, गळा तोच. ध्वनिमुद्रण मात्र नवे

ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेतील 'नॉनसच' या कंपनीने एक अल्बम बाजारात आणला. नाव होते 'यूव्ह स्टोलन माय हार्ट'. 'चुरा लिया है तुमने' या ओळखीच्या शब्दांचाच तो इंग्रजी तर्जुमा. वाजवणारे होते सॅन फ्रान्सिस्कोचे 'क्रोनोस क्वार्टेट' हे चार तंतुवाद्यवादकांचे पथक आणि गाणाऱ्या होत्या आशा भोसले. बाराही गाणी राहुलदेव बर्मन यांची. 'दम मारो दम', 'पिया तू अब तो आजा', 'चुरा लिया', 'मेरा कुछ सामान' अशी, आशाताईंनीच पूर्वी गाऊन घरोघरी पोचवलेली गाणी त्यांत होती. 'दम मारो दम' १९७१ मध्ये आले तेव्हा त्या चाळिशीच्या आत होत्या. हा अल्बम निघाला तेव्हा त्यांच्या वयाला बहात्तर वर्षे पूर्ण व्हायला काही दिवसच बाकी होते.

मूळ ध्वनिमुद्रणे कुठे हरवली नव्हती. ती रेडिओवर वाजत होती, सीडीवर मिळत होती. मग तीच गाणी त्याच गळ्याने पुन्हा गाण्याचे प्रयोजन काय?

पाश्चात्त्य रॉक आणि पॉप संगीतात हा प्रश्न नवा नाही. तेथे तो बहुतेक वेळा पैशांपासून सुरू होतो. फ्रँक सिनात्रा यांनी १९६० मध्ये 'रिप्रीझ' ही स्वतःची कंपनी काढली आणि जुन्या कंपन्यांसाठी गायलेली आपली गाणी १९६३ मध्ये तिच्यासाठी पुन्हा गायली. एव्हर्ली बंधूंनी कंपनी बदलल्यावर १९६४ मध्ये तेच केले. 'डेफ लेपर्ड' या ब्रिटिश रॉक बँडचे इंटरनेटवरील विक्रीच्या मोबदल्यावरून आपल्या कंपनीशी बिनसले, तेव्हा त्यांनी २०१२ मध्ये आपलीच दोन गाजलेली गाणी जवळपास सुरासूर जुळवून नव्याने मुद्रित केली आणि ती विकायला ठेवली. अलीकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण टेलर स्विफ्टचे. तिच्या पहिल्या सहा अल्बमांची मूळ ध्वनिमुद्रणे २०१९ मध्ये तिच्या मर्जीविरुद्ध विकली गेली. तिने २०२१ ते २०२३ या काळात त्यांपैकी चार अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा गायले. मूळ मुद्रणे तिने २०२५ मध्ये विकत घेतली, तोवर श्रोत्यांचा मोठा वर्ग नव्या आवृत्त्यांकडे वळलेला होता.

हे शक्य होते, कारण आपण ज्याला 'गाणे' म्हणतो ती कायद्याच्या दृष्टीने एक वस्तू नसतेच. शब्द हे एक, चाल हे दुसरे आणि ती चाल अमुक दिवशी अमुक स्टुडिओत गाऊन-वाजवून जे मुद्रित झाले ते तिसरे. तिन्हींचे हक्क वेगळे आणि त्यांची मुदतही वेगळी. 'दम मारो दम'चेच पाहा. भारतीय स्वामित्व हक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७१ चे ते मुद्रण २०३१ च्या अखेरीस सर्वांसाठी खुले होईल. चालीवरील हक्क मात्र संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. बर्मन १९९४ मध्ये गेले, तेव्हा तो २०५४ पर्यंत. गीतकार आनंद बक्षी यांचे निधन २००२ चे; त्यांच्या शब्दांवरील हक्क २०६२ पर्यंत.

या हिशेबात गायिका कुठे आहे? १९७१ च्या कायद्यात ती कुठेच नव्हती.

शहरातील संत एकनाथ रंगमंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होतो असे समजा. रंगमंचावरील गायिका 'चुरा लिया' गाते, मागे ऑर्केस्ट्रा वाजतो. येथे प्रश्न येतो तो शब्दांचा आणि चालीचा. त्यांच्या सार्वजनिक सादरीकरणासाठी परवाना लागतो. १९७३ च्या मूळ ध्वनिमुद्रणाला कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे त्याच्या मालकाचा संबंध नाही. कार्यक्रम संपल्यावर बाहेर कुणी डीजे लावून तेच गाणे वाजवले की तिसरा मालकही हजर झाला. (लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना कायद्याने यातून सूट दिली आहे, ही आपल्या समाजाची नस ओळखणारी तरतूद.) पुन्हा गायलेला अल्बम हा त्या रंगमंदिरातील गायिकेसारखा असतो. शब्द आणि चाल यांचे देणे त्याला चुकत नाही, पण जुन्या मुद्रणाच्या मालकाला तो वळसा घालून जातो. नव्या मुद्रणाचा मालक जो ते करवून घेईल तो. गायकाने स्वतःच ते केले, तर आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या आवाजाचा मालक तो होऊ शकतो.

हिंदी चित्रपटसृष्टीत गायकाला गाण्यामागे एकरकमी मानधन मिळे आणि तेथे विषय संपे. लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात गायकांनाही रॉयल्टी मिळाली पाहिजे, अशी भूमिका घेतली. महंमद रफी यांचे मत होते की मानधन घेतले की गायकाचा हक्क उरत नाही. त्यावरून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबवले. रफींच्या मनाचा मोठेपणा कुणी नाकारणार नाही. पण व्यवहाराच्या बाजूने पाहता काळाने कौल दिला तो लताबाईंच्या बाजूने. मात्र त्याला अर्धे शतक लागले. गायक-वादकांचे हक्क कायद्यात आले ते १९९४ च्या दुरुस्तीने आणि व्यावसायिक वापरातून त्यांना रॉयल्टीचा वाटा मिळालाच पाहिजे, हे ठरले २०१२ मध्ये. त्या दुरुस्तीसाठी गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर नेटाने पाठपुरावा केला होता. पुढच्याच वर्षी 'इंडियन सिंगर्स राइट्स असोसिएशन' या संस्थेची नोंदणी झाली.

मधल्या काळात कायद्याच्या याच फटीचा लाभ दुसऱ्यांनीच घेतला. ऐंशीच्या दशकात औरंगाबादच्या गुलमंडीवर किंवा औरंगपुऱ्यात कॅसेट विकत घेतलेल्या पिढीला 'व्हर्जन' हा शब्द चांगला आठवत असेल. कॅसेटवर नाव जुन्या चित्रपटाचे, गाणी रफी-किशोर-लता यांची, आणि घरी येऊन लावावी तर आवाज भलताच. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने हा धंदा देशभर नेला. शब्द आणि चाल यांच्या मालकाला सूचना देऊन आणि ठरलेली रॉयल्टी भरून नवे मुद्रण करण्याची मुभा १९५७ च्या कायद्यात होती; मूळ गायकाला विचारण्याचे कारणच नव्हते. स्वस्त कॅसेटमुळे संगीत सामान्य घरात पोचले आणि अनेक नव्या गळ्यांना पहिले काम मिळाले हे खरे. पण ज्याच्या गायकीची नक्कल चालली होती त्याच्या पदरात काहीच पडत नव्हते, हेही तितकेच खरे.

२०१२ नंतर ही वाट अरुंद झाली. मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे लागते. पूर्वी हा काळ दोन वर्षांचा होता. किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. शब्द-चालीत परवानगीविना फेरफार करता येत नाही आणि वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा छायाचित्र टाकून गिऱ्हाईकाची दिशाभूल करता येत नाही.

तरीही गायकाचे पारडे हलकेच राहते, याचा प्रत्यय २०१७ मध्ये आला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम परदेशात कार्यक्रम करत असताना संगीतकार इलैयाराजा यांच्याकडून त्यांना कायदेशीर नोटीस गेली: माझ्या चाली परवानगीविना गाऊ नका. ज्या गाण्यांनी दोघांना मोठे केले, त्यांवरून दोन मित्रांत वाद उभा राहिला. कायद्याची बाजू संगीतकाराकडे झुकणारी होती. श्रोत्यांना मात्र ती गाणी बालसुब्रह्मण्यम यांचीच वाटत होती.

आशाताईंचा २००५ चा अल्बम या हिशेबात पुरता बसत नाही. त्याचा उगम मालकीच्या वादात नव्हता. क्रोनोस क्वार्टेटचे प्रमुख डेव्हिड हॅरिंग्टन हे बर्मन यांच्या संगीताच्या प्रेमात पडलेले होते. 'अनामिका' (१९७३) मधील 'आज की रात' हे गाणे क्वार्टेटने २००० मधील 'क्रोनोस कॅरॅव्हॅन' या अल्बममध्ये झाकीर हुसेन यांच्यासह वाजवले होते. जाझ, लॅटिन ताल, रॉकची गिटार आणि बंगाली लोकसूर एका तीन-चार मिनिटांच्या गाण्यात बसवणारा हा संगीतकार त्यांना विसाव्या शतकाच्या मोठ्या रचनाकारांत गणावासा वाटत होता. मूळ आवाज हयात आहे, तर दुसरा कशाला शोधायचा, इतका तो विचार साधा होता.

मुंबईत सत्तरच्या दशकात गाणे मुद्रित होई ते बहुधा एका दमात. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये व्हायोलिनचा ताफा, गिटार, ड्रम, तबला, सॅक्सोफोन आणि गायक एकाच वेळी सज्ज असत. एक जण चुकला की सगळे पहिल्यापासून. 'दम मारो दम' आणि 'चुरा लिया' यांतील गिटार भूपिंदर सिंग यांची; 'चुरा लिया'च्या आरंभीची ग्लासवरील किणकिण तर दंतकथाच झाली आहे. त्या गर्दीतील ताण, एकमेकांना सावरून घेणे, हे सारे मूळ मुद्रणात उतरले आहे. क्रोनोसकडे माणसे चार. त्यांनी एकावर एक थर चढवत चौघांचा ऑर्केस्ट्रा केला. तबल्याला झाकीर हुसेन आणि पिपा या चिनी तंतुवाद्याला वू मान सोबत होत्या. परिणाम स्वच्छ आहे, सुबक आहे. 'पिया तू'सारख्या गाण्यात मात्र जरा जास्तच सुबक. हेलनच्या नृत्यामागचा तो धसमुसळेपणा आणि बर्मन यांची घोगरी साद यांची उणीव तेथे सतत जाणवते.

याआधी १९९६ मध्ये लेस्ली लुईस यांच्याबरोबर 'राहुल अँड आय' या अल्बममध्ये आशाताईंनी बर्मन यांची गाणी नव्या ठेक्यांवर घेतली होती. तेव्हा रिमिक्सची लाट चढत होती आणि ज्येष्ठ गायिकेने त्यात उतरावे का, यावर नाके मुरडणारे कमी नव्हते. पण दुसऱ्या कुणी आपल्या आवाजाचे तुकडे करण्यापेक्षा ते काम आपण केलेले काय वाईट? पुढच्याच वर्षी 'कॉर्नरशॉप' या ब्रिटिश बँडने आशाताईंच्या नावाचेच गाणे काढले आणि १९९८ मध्ये त्याचे रिमिक्स इंग्लंडच्या विक्रीयादीत पहिले आले.

जुने गाणे पुन्हा गाणाऱ्या कलावंतांत एक वर्ग कानाच्या असमाधानाचा असतो. 'इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा'च्या जेफ लिन यांना आपल्या जुन्या मुद्रणांचा नाद पुरेसा भरीव वाटत नव्हता. २०१२ मध्ये त्यांनी जवळजवळ सर्व वाद्ये स्वतः वाजवून ती गाणी पुन्हा उभी केली. बहुतेक श्रोते मूळ मुद्रणांकडेच परतले. दुसरा वर्ग वयाचा. जोनी मिचेल यांनी पंचविशीत गायलेले 'बोथ साइड्स नाऊ' २००० मध्ये संथ वाद्यवृंदासह पुन्हा गायले. आवाज खूप खाली आला होता, आणि आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे ते शब्द प्रथमच खरे वाटले.

मराठी माणसाला यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. 'गीत रामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले तेव्हा त्यातील गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर अशा अनेकांनी गायली होती. पुढे सुधीर फडके यांनी छप्पन्नही गाणी स्वतः गाऊन मुद्रित केली आणि आज बहुतेक घरांत 'गीत रामायण' म्हणजे बाबूजींचा आवाज. नव्या मुद्रणाने मूळ मुद्रणाला इतके मागे सारल्याची उदाहरणे थोडीच.

'यूव्ह स्टोलन माय हार्ट'च्या वाट्याला ते आले नाही. त्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले, जगभरच्या रसिकांपर्यंत बर्मन यांचे नाव पोचले, पण भारतीय श्रोत्याच्या मनातील १९७१ चे 'दम मारो दम' जागचे हलले नाही. १९७१ चा तो टोकदार खट्याळपणा येथे शोधणाऱ्याची निराशा होईल. 'मेरा कुछ सामान' मात्र वेगळे उतरले आहे. १९८७ च्या 'इजाजत'मध्ये हे गाणे एका तरुणीचे होते आणि त्याने आशाताईंना व गुलजार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले. मागे राहिलेल्या वस्तू परत मागणारी ती स्त्री २००५ मध्ये सत्तरी ओलांडलेली आहे आणि ज्याने ही चाल बांधली तो तिचा पती अकरा वर्षांपूर्वीच गेला आहे.

अल्बममधील एक गाणे तर आशाताईंचे कधीच नव्हते. 'शोले'मधील 'मेहबूबा मेहबूबा' पंचमदांनी स्वतः गायले होते. क्रोनोसने तेही आपल्या अल्बममध्ये घेतले.