मेंदूतील मूक कामगार

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरीत सही साहेबांची होते. पण कुणी झाडतो, कुणी फायली नेतो, कुणी पाणी देतो, म्हणून ती सही होते. आपल्या मेंदूचा कारभारही असाच आहे.

विचार, आठवण, हालचाल हे चेतापेशींचे काम, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यांच्याभोवती दुसऱ्या पेशी दाटीने असतात. १८५६ साली जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी त्यांना ‘ग्लिया’वरून नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस, चिकटवण्याचे द्रव्य. माणसाच्या मेंदूत चेतापेशी सुमारे ८६ अब्ज आणि ग्लिया पेशीही जवळपास तितक्याच. मग त्या केवळ सरस कशा?

ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या ग्लिया पेशी रक्तातले अन्न चेतापेशींना पोचवतात, उरलेली रसायने उचलून जागा स्वच्छ ठेवतात. दुसऱ्या पहारेकरी, त्या जंतू व मेलेल्या पेशी गिळतात. तिसऱ्या चेतातंतूंवर चरबीचे वेष्टण गुंडाळतात. त्यामुळे संदेश झपाट्याने धावतो. हातापायांच्या नसांत हे काम श्वान पेशी करतात.

याच श्वान पेशींत कुष्ठरोगाचा जंतू घर करतो. नस निकामी होते आणि चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही. जंतू बोटे खात नाही. बधिर हाताला तव्याचा चटका कळत नाही, जखम दुर्लक्षित राहते, चिघळते आणि बोटे झिजतात. एवढे साधे कारण. पण समाजाने त्याला पाप म्हटले, शाप म्हटले आणि माणसे गावाबाहेर घालवली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडावे लागले!

वाचकहो, हा रोग सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मात्र मेलेली नस पुन्हा जागी होईलच असे नाही, म्हणून उशीर नको. घरात कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर तो पदराखाली लपवू नका. अंगारा-धुपारा नको, लाज तर मुळीच नको. आज रोजी बुडाला तरी चालेल, पण दवाखाना गाठा. शेजारच्या घरातही हे सांगा.